खरबीपुढचे शून्य

फळा म्हटला की तुम्हाला शाळा आठवते, पाढे आठवतात आणि गुरुजींची छडीही आठवते. मी मात्र शाळेत एकच वर्ष काढले. मित्रांनो, मी दवाखान्याचा एक जुना फळा आहे. माझ्यावर कुणी कविता लिहिली नाही की सुविचार लिहिला नाही. माझ्यावर गावोगावचा ताप लिहिला गेला.

पुसदच्या पुढे, फुलसावंगीच्या बाजूला मोहखेड नावाचे बाजाराचे गाव आहे. तिथल्या बळीराम सुताराने सागाच्या दोन फळ्या सांधून मला घडवले. दिव्याची काजळी सरसात खलून त्याने मला काळा रंग दिला आणि कडक उन्हात वाळवले. मी शाळेसाठी केलेला होतो. पण वर्षभरातच शाळेला तिवईवर उभा राहणारा मोठा फळा मिळाला, आणि हेडमास्तरांनी मला सरकारी दवाखान्याला देऊन टाकले. दवाखान्याच्या ओसरीत, रोग्यांच्या बाकासमोर मला टांगले. 'औषधासाठी बाटली घरून आणावी' आणि 'डॉक्टरसाहेब आज पुसदला गेले आहेत' ही दोन वाक्ये आलटून पालटून माझ्यावर असत. मला तेवढ्याचाही अभिमान वाटे. काही नाही तरी लोक मला वाचत होते.

दवाखान्यात माणसे थोडी. नागपूरकडचे डॉक्टर पांढरीपांडे, उंच आणि जरा अबोल. औषधे करणारे कंपाउंडर बबनराव, जे दोघांच्या वाटचे बोलत. आणि नर्स विजयमाला. ती दिग्रसकडची. छप्पनच्या दसऱ्याला तिच्या घरच्यांनी नागपूरला जाऊन बुद्धाचा धम्म घेतला होता. तिचा हात इतका हलका होता की सुई टोचून झाली तरी पोरे रडायची विसरत. तरीही गावात अशी घरे होती, जिथे तिला ओसरीच्या आत घेत नसत. ती ओसरीवर उभी राहून काम करी आणि परत येई.

सत्तावनच्या आषाढात तो ताप आला. मद्रासकडून निघालेला फ्लू आता सगळीकडे पसरतो आहे, असे बबनरावांनी वर्तमानपत्रातून मोठ्याने वाचून दाखवले, आणि पुढच्याच बाजाराच्या दिवशी शाळेतली पोरे लाल डोळ्यांनी बाकावर येऊन बसली. मग त्यांच्या आया आल्या. मग बाप आले. ओसरीत पाय ठेवायला जागा उरेना. म्हाताऱ्या माणसांनी एकच शब्द उच्चारला, मानमोडी. चाळीस वर्षांपूर्वी ज्या तापाने गावेच्या गावे रिकामी केली, त्याचे ते नाव. हा ताप तेवढा मारका नव्हता. पण भीतीला ते कोण सांगणार?

दवाखान्यातली तिन्ही माणसे जिवापाड राबली. जो बोलवायला येई त्याच्यामागे कुणीतरी धावे. डॉक्टर एका गावी, नर्स दुसऱ्या गावी, आणि बबनराव औषधे कालवता कालवता तिसऱ्या गावी. ही धावपळ फार दिवस टिकली नाही. आधी बबनराव पडले, दोन दिवसांत विजयमाला, आणि लगेच डॉक्टर. एका सकाळी दवाखान्याची झाडलोट करणाऱ्या शिपायाने वेड्यावाकड्या अक्षरांत माझ्यावर लिहिले, 'दवाखाना बंद.' लोक पावसात भिजत येत, मला वाचत आणि तसेच परत जात. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत वाईट दिवस.

ताप ओसरला. डॉक्टर अजून काठी टेकत चालत होते, तेव्हा टेकडीमागच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरून रामीबाई आली. ती तांड्यावरची दाई. बाळंतपणाच्या निमित्ताने विजयमालेशी तिची चांगली ओळख होती. तिच्या कडेवर तान्हे मूल होते.

"मोतीबाई कुठं आहे?" विजयमालेने विचारले. मोतीबाई ही रामीबाईची सून. तिचे बाळंतपण या दोघींनीच केले होते.

"गेली," रामीबाई म्हणाली. "ती गेली, अन् तांड्यातले अजून चौघं गेले."

डॉक्टर बाकावर बसले. "रामीबाई, तांड्यावरून एकही माणूस दवाखान्यात आला नाही. मला वाटलं, तिथं ताप पोचलाच नाही."

"येनार कोन, साहेब?" तिचा आवाज चढला नाही. "उठाले कोन होतं?"

विजयमालेने मूल आपल्याकडे घेतले आणि त्याला दूध पाजले.

भादव्यात पाऊस उघडला, तेव्हा डॉक्टरांनी मला भिंतीवरून खाली काढले, ओल्या फडक्याने पुसले आणि खुर्चीवर टेकवले. विजयमाला रोग्यांची वही वाचू लागली आणि डॉक्टर माझ्यावर घरे आखू लागले. डाव्या बाजूला गावांची नावे, वर बाजाराचे आठवडे, आणि प्रत्येक घरात त्या आठवड्यातले तापाचे रोगी. त्यांना संध्याकाळ झाली. बबनराव चहा घेऊन आले आणि माझ्यासमोर उभे राहिले.

"गेलेला ताप कायले मोजून राह्यले, साहेब? गेला ना आता!"

"कुठून कुठे गेला ते पाहतो आहे," डॉक्टर म्हणाले. "हे बघा. जी गावं आपल्या बाजाराला येतात, तिथं पहिल्यांदा. मग त्यांच्या पाव्हण्यारावळ्यांच्या गावी. उगीच कुठंही उडी मारली नाही त्यानं."

विजयमालेने खालच्या तीन नावांवर बोट ठेवले. नाल्यापलीकडची ती गावे. त्यांत खरबी सर्वांत मोठे. तिन्ही नावांपुढे शेवटपर्यंत शून्य होते.

"नशीबवान हायेत लेकाचे," बबनराव म्हणाले.

"नशीब नाही, पूर," विजयमाला म्हणाली. "आषाढभर नाला उतरला नव्हता. कोनी बाजाराले आलंच नाही, तर ताप कसा जाईल?"

डॉक्टरांनी तांड्याच्या नावापुढे खडू टेकवला. तिथेही शून्येच होती, आणि नेमकी ज्या आठवड्यांत मोतीबाई आणि बाकीचे गेले त्या आठवड्यांत. मित्रांनो, एक शून्य ताप न पोचल्याचे होते आणि एक शून्य कुणी उठू न शकल्याचे होते. माझ्या अंगावर दोन्ही अगदी सारखी दिसत होती.

मग त्यांनी आधीच्या वर्षांच्या वह्याही काढल्या. खोकला आणि ताप दर वर्षी दोनदा वाढत होता, एकदा पावसात आणि एकदा थंडीत, कापूस वेचायला माणसे एकत्र येत तेव्हा. थंडीत नाला कोरडा असतो. ज्यांना पावसात पुराने वाचवले, त्यांच्याकडे हा ताप थंडीत जाणार, असे डॉक्टरांना वाटू लागले. आणि तेव्हा पुन्हा तिघेही एकाच वेळी अंथरुणाला खिळले तर?

त्यावर त्यांनी विचार केला. ज्यांना एकदा हा ताप येऊन गेला, त्यांना तो लगेच सहसा होत नाही. तेव्हा नव्या गावी जायचे ते त्यांनीच. सगळ्यांनी एकदम बाहेर पडायचे नाही, पाळी लावायची. एक माणूस कायम दवाखान्यात राहील. प्रत्येक गावातल्या एका बाईला तापाच्या गोळ्या, उकळलेले पाणी आणि पेज यांची माहिती द्यायची. या कामाला पहिल्यांदा रामीबाईच तयार झाली. सगळे जमले, पण हिशेब एका जागी अडला. तीन माणसांत पाळ्या बसत नव्हत्या. आणखी एक नर्स हवी होती.

डॉक्टरांनी जिल्ह्याला लिहिले. उत्तर आले की माणूस शिल्लक नाही. राज्य नुकतेच बदलले होते. नागपूरहून येणारे हुकूम आता मुंबईहून येत आणि कोणता कागद कुठे अडला याचा कुणालाच पत्ता नसे. तेव्हा डॉक्टर म्हणाले, "कागद नको. फळाच नेऊ."

अशी माझी आयुष्यातली एकमेव सफर घडली. मला गोणपाटात गुंडाळून मोटारीच्या टपावर बांधले. शेजारी कोंबड्यांची डालगी होती आणि पलीकडे सरकीचे पोते. यवतमाळला उतरवून गोणपाट सोडले तेव्हा अर्धी गावे पुसून गेली होती. विजयमालेने कपाळाला हात लावला. मग ती कचेरीच्या व्हरांड्यात खाली बसली आणि दोघांनी मिळून मला पुन्हा लिहून काढले. येणारे जाणारे थांबून पाहत होते. त्या गर्दीतूनच जिल्ह्याचे मोठे डॉक्टर बाहेर आले.

त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. "थंडीत ताप येईल, याची खात्री देता?"

"नाही, सर," डॉक्टर म्हणाले. "खात्री नाही. पण आला तर कुठं येईल, हे बरंचसं सांगता येतं."

"आणि नाही आला तर?"

"तर एक नर्स दोन-तीन महिने मोहखेडला रिकामी बसली, एवढंच नुकसान."

मोठे डॉक्टर हसले. "संक्रांतीपर्यंत देतो. तोवर ताप आला नाही, तर परत पाठवायची."

"ताप येऊन गेलेली द्या, सर," विजयमाला पटकन बोलून गेली. अशी आली ती कोकिळा, यवतमाळची, हसरी आणि कामाला वाघीण.

दिवाळी झाली. थंडी पडली. कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, सुरू झाल्या. दर बाजाराच्या संध्याकाळी विजयमाला माझी घरे भरे, आणि त्यांत कुठे एक, कुठे दोन. ताप येईना. कोकिळा पट्ट्या गुंडाळून गुंडाळून कंटाळली. बाकावरची माणसे बबनरावांना विचारू लागली, "काहो कंपाउंडरसाहेब, पाव्हणा कधी येते म्हनता?" बबनरावही त्यांच्याबरोबर हसत. डॉक्टर मात्र हसत नसत. ताप यावा असे कोणत्या डॉक्टरला वाटेल? आणि न आला, तर पुढच्या वेळी त्यांचे कोण ऐकेल?

संक्रांत जवळ आली. गावातले मोठे शेतकरी वामनराव यांच्या घरी ताप शिरला. त्यांची म्हातारी आई तानाबाई आणि दोन नातवंडे पडली. वामनरावांच्या शेतावर कुठून कुठून वेचायला बाया येत, खरबीहूनही येत. त्याच बाजाराच्या संध्याकाळी विजयमालेने खरबीच्या नावापुढे शून्य लिहिले, आणि तिचा हात थांबला.

"बबनराव, आज खरबीचं कोनी बाजारात तरी दिसलं का?"

"वेचनीचे दिस हायेत, बाई. काम सोडून कोन येते?"

"मागच्या बाजारी वेचनी नव्हती का? तवा तर डोळ्यात औषध टाकाले आलते, खरजेचा मलम न्यायले आलते. आज एकही नाही?"

डॉक्टर बाहेर आले. तिघेही माझ्याकडे पाहत उभे राहिले. कदाचित ते खरोखरच वेचणीचे शून्य असेल. कोण सांगणार? डॉक्टर विजयमालेला म्हणाले, "सकाळी तुम्ही निघा. कोकिळाबाई इथं राहतील."

सकाळी विजयमाला औषधांची पेटी भरत होती. रामीबाई तांड्यावरून आली होती. कुणी तिला बोलावले नव्हते, पण खरबीचे तिच्या कानावर गेले होते. "मले ताप येऊन गेला," ती म्हणाली. "मी येतो संगं." एवढ्यात वामनराव पायऱ्या चढून आले.

"डॉक्टरसाहेब, माझी माय फणफणून राह्यली. दोन दोन नर्सा असून एक माझ्या घरी बसत नाई? अन् खरबीले कोन बिमार हाये? कोनी आलं का सांगाले?"

"कोणी आलं नाही, म्हणूनच पाठवतो आहे, वामनराव."

"म्हंजे ज्यायनं बोलावलं नाई त्यायच्याकडे जाता, अन् जो दारात उभा हाये त्याले नाई म्हनता?"

"नाही म्हणत नाही. मी स्वतः सकाळ-संध्याकाळ येईन. कोकिळाबाई सुया देतील. पण विजयमालाबाईंना मी थांबवणार नाही."

वामनरावांनी माझ्याकडे बोट केले. "ह्या लाकडाच्या फळीचं आयकून मानसाचा जीव टांगनीले लावता!" आणि ते तावातावाने निघून गेले.

विजयमालेने पेटीचे झाकण लावले. "ज्या घरात माझ्या हातचं पानी चालत नाही, तिथं आज मले रात्रंदिवस बसवाले तयार हायेत," ती एवढेच म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. पाळी त्या घराची असती, तर ती तिकडेही गेली असती, हे आम्हां सर्वांना ठाऊक होते.

पण खरबीला जायचे कसे? पेटी जड, वाट लांब, आणि वेचणीच्या दिवसांत कुणाची बंडी रिकामी नाही. दोघी पायीच निघाल्या असत्या, तेवढ्यात दवाखान्यापुढे एक बंडी येऊन थांबली. बैल वामनरावांचे होते आणि कासरा त्यांचा सालदार गडी उकंडा याच्या हाती होता.

"आजीनं धाडलं," उकंडा म्हणाला. "मालक घरी येऊन तनतन करत होते. आजी बाजेवरून बोलली, 'मानमोडीत तुह्या बापानं घरी वैद बसवून ठेवला होता. घर वाचलं, अन् गावात मुर्दा उचलाले मानूस राह्यला नाई. जुप बंडी.' मालक बाजूले सरले. बसा बाई, लवकर."

खरबीत काय दिसले, ते मी डोळ्यांनी पाहिले नाही. दुसऱ्या दिवशी आणखी औषध न्यायला रामीबाई उकंडासोबत परत आली, तेव्हा तिने ते ओसरीत बसून सांगितले. गावात शिरताना एकाही घरातून धूर निघत नव्हता. गोळ्यांची माहिती देऊन ठेवलेली बाईही तापाने पडली होती. ढोरे दावणीला हंबरत होती आणि त्यांना पाणी दाखवायला माणूस उभा नव्हता. विजयमालेने बंडीतून उतरताच आधी चुली पेटवायला लावल्या. जे बसू शकत होते त्यांच्या हाती पाण्याचे गडू दिले. मग ती घरोघर फिरली. नलू नावाची एक पोर होती, तिची छाती भात्यासारखी चालली होती. तिला पेनिसिलिनच्या सुया सुरू केल्या. "बाई रातभर तिच्यापाशी बसली," रामीबाई म्हणाली. "मी पेज केली. दोघी मिळून गाव धरलं."

ताप नाल्यापलीकडच्या बाकीच्या दोन गावांतही पसरला. आता मात्र पाळ्या लागलेल्या होत्या. डॉक्टर एका गावी, तर कोकिळा दवाखान्यात. विजयमाला परत आली की कोकिळा बाहेर. बबनरावांना थकवा आला तेव्हा त्यांना बळेच घरी झोपायला पाठवले, आणि त्यांची जागा रिकामी राहिली नाही. 'दवाखाना बंद' हे शब्द माझ्यावर पुन्हा लिहिले गेले नाहीत.

सगळेच वाचले असे मी म्हणणार नाही. खरबीत दोन म्हातारी माणसे गेली. नलू वाचली आणि तिच्यासारखी कितीतरी पोरे वाचली. आणि तानाबाई गेल्या. डॉक्टर त्यांच्या बाजेपाशीच होते. सारे काही करून झाले होते, पण वय फार होते. डॉक्टर परत आले आणि माझ्यासमोर येऊन बसले. विजयमाला खरबीऐवजी तिथे असती, तर? हा प्रश्न त्यांनी कुणाला विचारला नाही, पण तो त्यांच्या चेहऱ्यावर होता.

आईचे दिवसकार्य आटोपल्यावर वामनराव दवाखान्यात आले. ते माझ्यापुढे उभे राहिले आणि त्यांनी विचारले, "ह्यात खरबी कोनती?" विजयमालेने दाखवली. आता तिथे शून्य नव्हते, मोठा आकडा होता. वामनरावांनी तो पाहिला, मान हलवली आणि ते निघाले. दाराशी थांबून त्यांनी विजयमालेला म्हटले, "बाई, घरी नातवाचा खोकला अजून हाये. येऊन पाहून जा. ओसरीवर नोका थांबू, आतच या." आणि पुढच्या दसऱ्यानंतर, थंडीतल्या फेऱ्यांसाठी, त्यांची बंडी दवाखान्यापुढे उभी राहिली. कुणी मागायला गेले नव्हते.

त्यानंतरची काही वर्षे माझ्या मानाची होती. दर थंडीच्या आधी आणि दर पावसाच्या आधी मला पुसून घरे आखत. कोण कुठे जाणार, कोण मागे राहणार, हे माझ्यासमोर ठरे. दुसऱ्या दवाखान्यांची माणसे मला पाहायला येत. रामीबाईच्या बोटाला धरून मोतीबाईचा मुलगा येई आणि 'याडी, याडी', म्हणजे 'आई, आई', करत तिच्या लुगड्याला ओढी.

पुढे डॉक्टरांची बदली झाली. विजयमालाही मारेगावला गेली. जाताना तिने मला स्वच्छ पुसले, पण माझ्यावर काही लिहिले नाही. नवी इमारत झाली, छापील तक्ते आले, आणि मला मागच्या खोलीत कोळशाच्या पोत्यांआड उभे केले. तिथे माझ्या एका कोपऱ्याला वाळवी लागली. वर्षामागून वर्षे गेली. वाईट वाटे, पण राग आला नाही. काम नव्या तक्त्यांवर चालू होते, हे मला पलीकडून ऐकू येई.

एकदा खोली झाडताना कुणाच्या तरी लक्षात आले की सागाचे लाकूड अजून धड आहे. वाळवीचा कोपरा कापला, रंग खरवडला आणि मला चार पाय ठोकले. आता मी एक टेबल आहे. नव्या नर्सबाया गावे फिरून येतात, पेटी खाली ठेवतात, हात धुतात आणि माझ्यावर भाकरीचे फडके सोडतात. ज्वारीची भाकर, तुरीची डाळ, कधी नुसता ठेचा. पहिला घास मोडला की फाटकापाशी हमखास कुणीतरी हाक मारते, आणि अर्धी भाकर तशीच गुंडाळली जाते.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी आजारी पडले तर जरूर धावत या, जोरात हाक मारा. पण नुसता मलम न्यायला आला असाल, आणि आत बाई जेवत असेल, तर थोडे बाहेर ओट्यावर बसा. तिलाही थकवा येतो, तिलाही ताप येतो. तिला तेवढी भाकर पुरी खाऊ द्या.